एकेरी हाक

वयस्कर रुग्णाला तपासताना आम्ही डॉक्टर काही ठरावीक प्रश्न विचारतो. झोप लागते का, भूक कशी आहे, पोट साफ होते का, जिना चढताना दम लागतो का. गेली काही वर्षे, सत्तरी ओलांडलेल्या रुग्णांच्या बाबतीत, मी या यादीत आणखी एका प्रश्नाची भर घातली आहे. "तुम्हांला नावाने, एकेरीत हाक मारणारे आता कोण आहे?" प्रश्न ऐकून बहुतेक जण प्रथम हसतात. मग बोटांवर मोजू लागतात आणि पुष्कळदा पहिल्या-दुसऱ्या बोटाशीच थांबतात.

हा प्रश्न मला एका रुग्णानेच शिकवला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अभियंते. पत्नीच्या निधनाला वर्ष होत आले होते. झोप नाही, जेवणात लक्ष नाही, छातीत धडधड, अशा तक्रारी घेऊन सूनबाई त्यांना माझ्याकडे आणत. हृदयाचा आलेख, रक्तातील साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सारे तपासून झाले. कशातही दोष सापडेना. सूनबाई काकुळतीने म्हणाल्या, "डॉक्टर, घरात आम्ही सगळे आहोत. नातवंडे आहेत. बाबांना कोणी शब्दाने दुखावत नाही. तरी बाबा असतात तिथे नसतात."

मी काकांकडे पाहिले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "डॉक्टर, घरात मला सगळे मान देतात. मुलगा-सून बाबा म्हणतात, नातू आजोबा म्हणतो, शेजारी काका म्हणतात, बँकेतली मुले सर म्हणतात. आमची ही जन्मभर अहो म्हणत आली. माझे नाव घेऊन 'अरे' म्हणणारी एक मोठी बहीण होती. ती दिवाळीत गेली. आता माझे नाव फक्त औषधाच्या चिठ्ठीवर उरले आहे."

त्या दिवशी मी त्यांना झोपेची गोळी दिली नाही. सूनबाईंना मात्र एक काम सांगितले: "बाबांच्या कॉलेजातला एखादा मित्र हयात असेल, तर शोधून काढा."

अरे-तुरेची माणसे

आपल्या भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' यांमध्ये मोठे अंतर आहे. वय वाढते तसा आपल्या वाट्याला 'तुम्ही' अधिक येतो, आणि तो यावाच. परंतु मानाबरोबर थोडा दुरावाही येतो. आईवडील जातात, थोरली भावंडे जातात, आणि ज्यांच्यापुढे आपण कोणाचे बाबा, कोणाच्या सासूबाई वा कोणाचे साहेब नसतो, अशी माणसे एकेक करून कमी होत जातात. अशा वेळी बहुधा उरतात ती बरोबर शिकलेली मंडळी. नोकरी, लग्न, पद, पैसा यांपैकी काहीही नव्हते तेव्हा त्यांनी आपल्याला पाहिलेले असते. त्यांच्यापुढे आव आणण्याचा उपयोग नसतो, हे त्यांच्या सहवासातले मोठे सुख.

स्मरणशक्तीचाही येथे संबंध आहे. उतारवयात माणसाला आयुष्यातील आठवणी सांगावयास लावल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी प्रमाणापेक्षा जास्त आणि अधिक ठळकपणे येतात, असे मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळले आहे. कालची भाजी कोणती होती हे आठवू नये, आणि वसतिगृहातील खोलीचा क्रमांक मात्र चटकन ओठांवर यावा, हा अनुभव अनेक वाचकांचा असेल. या काळातील आठवणींना दुजोरा देऊ शकणारे, किंवा "गप रे, असे झालेच नव्हते" म्हणून त्या दुरुस्त करू शकणारे साक्षीदार म्हणजे वर्गमित्र आणि वर्गमैत्रिणी.

वैद्यकशास्त्राचा कौल

मैत्रीने माणूस खूश राहतो हे सांगावयास डॉक्टर कशाला हवा, असे कोणी म्हणेल. पण येथे प्रश्न केवळ मनाच्या समाधानाचा नाही. २०१० साली ज्युलियान होल्ट-लुन्स्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांत तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती होती. ज्यांचे सामाजिक नातेसंबंध भक्कम होते, त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात हयात राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली सुरू झालेल्या आणि पिढ्यान्पिढ्या चाललेल्या अभ्यासाचा सूरही हाच आहे: उतारवयातील आरोग्याचा जिव्हाळ्याच्या नात्यांशी जवळचा संबंध आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ-आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली. तीत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांच्या पंक्तीला सामाजिक एकाकीपण आणि ऐकू कमी येणे ही दोन्ही कारणे आहेत.

येथे एक सावधगिरी हवी. प्रकृती खालावलेला माणूस आपोआपच लोकांत कमी मिसळतो. त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे प्रत्येक वेळी वेगळे करता येत नाही. मित्राला फोन केला म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करता येत नाही. परंतु एकाकीपणाकडे 'वयाचे आहे, चालायचेच' म्हणून दुर्लक्ष करण्याचे दिवस आता गेले, एवढे निश्चित.

फोन का उचलला जात नाही?

सूनबाईंना कपाटातील एका समूहछायाचित्रामागे लिहिलेली नावे सापडली. दोन आठवडे खटपट करून त्यांनी बाबांच्या वसतिगृहातील खोलीसोबत्याचा क्रमांक मिळवला. ते बेळगावला होते. फोन लावून दिला. पण काकांनी दोन मिनिटे "हो, हो" केले आणि फोन परत दिला. सूनबाई हिरमुसल्या. "बाबांना बोलायचेच नाही," असे त्या मला म्हणाल्या.

खरे कारण वेगळे होते. काकांना फोनवरचे शब्द नीट कळत नव्हते, आणि तसे सांगण्याची लाज वाटत होती. वाढत्या वयात प्रथम उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, त यांसारख्या व्यंजनांची ओळख याच पट्टीत असते. त्यामुळे आवाज कानी पडतो, शब्द मात्र उमगत नाही. समोरासमोर बोलताना आपण ओठांच्या हालचालींवरून उरलेला अर्थ भरून काढतो. साध्या फोनवर ती सोय नसते. मग चुकीचे उत्तर दिले जाते, पलीकडचा हसतो, आणि वृद्ध माणूस फोन टाळू लागतो. घरचे म्हणतात, हल्ली यांना कोणी नको असते.

कानातील मळ काढून, श्रवणचाचणी करून काकांना श्रवणयंत्र बसवले. त्याची सवय व्हायला काही आठवडे गेले. पुढचा फोन चेहरा दिसेल असा, व्हिडिओवर लावला. पलीकडून पहिले वाक्य आले, "काय रे लेका, केस कुठे टाकलेस?" सूनबाई सांगतात, सासूबाई गेल्यानंतर बाबा मोठ्याने हसलेले तेव्हा प्रथमच ऐकले.

मित्राने केलेले निदान

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता बेळगावचा फोन येऊ लागला. चार-पाच महिने असेच गेले. एका शुक्रवारी सकाळी त्याच मित्राचा फोन सूनबाईंना आला. "सूनबाई, याच्याकडे जरा बघा. काल मेसचा एकच किस्सा याने तीनदा सांगितला, आणि तिन्ही वेळा आचाऱ्याचे नाव चुकवले. ते नाव हा मेला तरी विसरायचा नाही."

घरच्यांना गेले काही दिवस बाबा थोडे मंद, थोडे विसराळू वाटत होते. पण त्यांनी ते वयावर सोडले होते. काकांना माझ्याकडे आणल्यावर मी रक्त तपासले. सोडियम १२२ होते; ते १३५ ते १४५ असावे लागते. तीन आठवड्यांपूर्वी रक्तदाबासाठी लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर टाकणारी एक गोळी मीच वाढवून दिली होती. वृद्धांमध्ये अशा गोळीने सोडियम उतरू शकते आणि त्यातून ग्लानी, विसरभोळेपणा, तोल जाणे, क्वचित झटकेही येऊ शकतात. गोळी सुरू केल्यावर रक्ताची फेरतपासणी करावयास हवी होती. मी ती लांबवली होती, हे येथे मान्य केले पाहिजे. काकांना रुग्णालयात ठेवून सोडियम हळूहळू पूर्ववत आणले. दहा दिवसांनी आचाऱ्याचे नाव बरोबर आले.

घरातील माणसे रोज पाहतात, म्हणून त्यांना हळूहळू होणारा बदल जाणवत नाही. डॉक्टर तर महिन्यातून दहा मिनिटेच पाहतो. पन्नास वर्षांपूर्वीचा आवाज, बोलण्याची ढब आणि विनोदाची जात ज्याला ठाऊक आहे, त्याचे कान अशा वेळी वेगळेच काम करतात. म्हणून काळजीवाहकांना मी सांगते: जुना मित्र "हा नेहमीसारखा वाटत नाही" म्हणाला, तर ते हसण्यावारी नेऊ नका. गोंधळ, बरळणे वा गुंगी अचानक दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तोंड वाकडे होणे, एका हातातील शक्ती जाणे किंवा बोलणे अडखळणे दिसले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठा.

हरवलेल्या मैत्रिणी

पुरुषांना मित्र शोधणे त्या मानाने सोपे असते. आमच्या आजी-मावश्यांचे तसे नाही. लग्नात आडनाव बदलते. अनेक घरांत तर ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून पहिले नावही बदलले जाई. पुण्यातून १९६३ साली बी. ए. झालेल्या एका आजींना मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, "कोणत्या नावाने? माहेरच्या नावाने म्हणत असाल, तर भाऊ गेल्यापासून कोणीच नाही." त्यांच्या मैत्रिणीही अशाच नवी नावे घेऊन कोठे कोठे विखुरलेल्या. साठ वर्षांनंतर त्यांना कोणत्या नावाने शोधायचे?

तरीही शोध लागतो. कॉलेजच्या जुन्या वार्षिक अंकात माहेरची नावे असतात. माजी विद्यार्थी संघाकडे कधी यादी मिळते. मैत्रिणीचे गाव आठवत असेल, तर तिचा भाऊ, भाचा, जुने शेजारी यांच्याकडून धागा हाती लागतो. या आजींची नात महिनाभर मागे लागली आणि एक मैत्रीण नागपुरात सापडली. तिला थोडा स्मृतिभ्रंश झालेला आहे. ती सकाळची गोष्ट दुपारी विसरते. पण फोन लावला की आजींना माहेरच्या नावाने हाक मारते. आजींना तेवढे पुरते.

स्मृतिभ्रंश झालेल्या मित्राशी बोलताना "ओळखलेस का मला? सांग पाहू मी कोण?" असे कधीही विचारू नये. ही परीक्षा असते आणि नापास होण्याचे दुःख त्या माणसाला होते. आपले नाव आधी सांगावे, कोठे बरोबर होतो ते सांगावे, आणि आपणच एखादी आठवण सुरू करावी. जुने छायाचित्र समोर ठेवावे. गर्दीत न भेटता एकट्याने, थोडा वेळ, दिवसाच्या ताज्या प्रहरी भेटावे. तपशील चुकला तर दुरुस्त करू नये.

माझी स्वतःची कथा

दुसऱ्यांना हे सारे सांगणारी मी, माझ्या वर्गात मात्र कमी पडले. १९८६ साली वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला, तेव्हा शवविच्छेदनाच्या पहिल्याच दिवशी मला घेरी आली होती. टेबलापाशी शेजारी उभ्या असलेल्या वर्गमित्राने कोणाच्या लक्षात येण्याआधी मला दंडाला धरून बाहेर नेले, पाणी दिले आणि पुन्हा आत आणून उभे केले. याची त्याने पुढे कधी वाच्यता केली नाही.

काही वर्षांपूर्वी हा मित्र आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटातून बाहेर पडला. आदल्या दिवशी गटात राजकारणावरून वाद झाला होता. तो रागावून गेला, असे सगळ्यांनी धरून चालले. दोघांनी "काय झाले?" म्हणून विचारले, तेवढ्यात कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला आणि विषय मागे पडला. मीही फोन केला नाही. सव्वा वर्षाने दुसऱ्याच कोणाकडून कळले की साठीच्या आतच त्याच्या पत्नीची स्मृती जाऊ लागली होती. रात्री-अपरात्री वाजणाऱ्या फोनने ती घाबरे, म्हणून त्याने सगळे गट बंद केले होते. सायंकाळचा दवाखानाही बंद केला होता. एकटाच तिचे सारे करत होता.

त्या रात्री मी फोन केला. "अगं, तू?" एवढे बोलून तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला वाटले, कोणाच्या लक्षातच आले नाही." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. आता दर रविवारी आम्ही बोलतो. गावातच राहणारे आमचे दोन वर्गमित्र आठवड्यातून एक दुपार तिच्याजवळ बसतात, तेव्हा तो केस कापून येतो, बँकेत जातो, कधी नुसताच नदीकाठी फिरून येतो. पत्नीचा आजार यातून बरा होणार नाही, हे आम्हां सर्वांना ठाऊक आहे. पण त्याचे वजन थोडे वाढले आहे आणि त्याने स्वतःचा रक्तदाब पुन्हा मोजायला घेतला आहे.

गटात रोज सुप्रभात पाठवणाऱ्यांची काळजी नसते. जो गप्प झाला आहे, त्याची चौकशी व्हायला हवी. प्रत्येक वर्गात एखाद्याने ही हजेरी घेण्याचे काम अंगावर घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

काही व्यवहाराच्या गोष्टी

पाच-सहा मित्रांचे क्रमांक ठळक अक्षरांत कागदावर लिहून फोनजवळ लावा. फोनसाठी वार आणि वेळ ठरवून ठेवा. 'कधीतरी करू' ते राहूनच जाते. ज्यांना फोन लावणे जमत नाही, त्यांना घरातील कोणी किंवा देखभाल करणाऱ्या मावशींनी तो लावून द्यावा आणि मग खोलीबाहेर जावे. मित्रांच्या गप्पा घरच्यांनी ऐकायच्या नसतात.

स्नेहसंमेलनाला जरूर जा. मात्र जिने, पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय आणि विश्रांतीची खोली यांची चौकशी आधी करा. औषधे आणि चिठ्ठीची प्रत हातातल्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन वा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी भाषणे लांबली म्हणून जेवण लांबवू नये. जवळ खडीसाखर असावी. गटात आलेला वैद्यकीय सल्ला वाचून कोणतीही गोळी बंद करू नका, मग तो सल्ला डॉक्टर झालेल्या वर्गमित्राच्या नावाने का आलेला असेना. मित्राच्या नावाने पैशांची तातडीची मागणी आली, तर जुन्या क्रमांकावर फोन करून त्याचा आवाज ऐकल्याशिवाय एक पैसाही पाठवू नका.

पंचाहत्तरीनंतर गटात निधनाच्या बातम्या वारंवार येऊ लागतात. मित्राचे सुतक आपल्याकडे नसते. घरातला दिनक्रम तसाच चालतो, आणि त्या माणसाला वाटते की आपण दुःख करण्याचा हक्कही आपल्याला नाही. घरच्यांनी अशा दिवशी थोडे जवळ बसावे, गेलेल्या मित्राविषयी विचारावे. उदासी, झोप आणि भूक जाणे, कशातच रस न वाटणे हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले, तर ते वय नव्हे, तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना भेटावे. मानसिक आरोग्यासाठी शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर, आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी एल्डरलाइन १४५६७ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

बेळगावचे मित्र मागच्या पावसाळ्यात गेले. गुरुवारी पाच वाजता काका सवयीने फोनजवळ येऊन बसत. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी सूनबाईंकडून तेच समूहछायाचित्र मागून घेतले, मागची नावे वाचली आणि एका नावावर बोट ठेवून म्हणाले, "हा फारसा बोलत नसे. असेल का कुठे? बघ बरे."